दारावरची बेल वाजण्याआधी

(इंग्लंडमधल्या मराठी चाइल्डमाइंडर मैत्रिणींसाठी केलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

फोन सकाळी पावणेअकराला आला. नऊ महिन्यांची एक मुलगी नुकतीच झोपली होती, अडीच वर्षांचा एक मुलगा स्वयंपाकघरात फरशीवर बसून वाट्या एकात एक घालत होता आणि गॅसवर कुकर होता. पलीकडची बाई अगदी सौम्यपणे बोलली. ऑफस्टेडमधून बोलतेय, येत्या मंगळवारी इन्स्पेक्शनला यायचंय, त्या दिवशी मुलं असतील ना, किती वाजल्यापासून असतील, एवढंच तिने विचारलं. मी वेळ सांगितली, फोन ठेवला आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले.

मधल्या दिवसांत मी जे केलं ते आठवलं की आजही वाईट वाटतं. पडदे धुतले. मुलांच्या रोजच्या खेळातल्या वाट्या, डाव, जुनी चाळणी, छोटं पोळपाट-लाटणं, सगळं उचलून वरच्या कपाटात टाकलं. त्या जागी दुकानातून आणलेली चकचकीत लाकडी खेळणी मांडली. भिंतीवर एबीसीचा तक्ता लावला. रात्री दीडपर्यंत जागून तीन जाडजूड फायली तयार केल्या. त्यांतली निम्मी वाक्यं दुसऱ्या कुणाच्या कागदांवरून उतरवलेली होती आणि त्यांतल्या काहींचा अर्थ मलाही नीट कळला नव्हता.

मंगळवारी इन्स्पेक्टर आली, बूट काढून सरळ फरशीवर बसली. नव्या खेळण्यांकडे त्या मुलाने ढुंकूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने तो उठला, वाट्यांचा खालचा खण उघडला, तो रिकामा बघून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘वाटी?’ त्याचे आईवडील पोलंडचे. हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता. मी वाट्या काढून दिल्या. त्याने सहाही वाट्या पसरल्या, मोठी वाटी लहानीत घालायचा प्रयत्न केला, बसेना म्हणून क्षणभर थांबला, ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. इन्स्पेक्टर बघत होती. ‘हे त्याला का आवडतं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘काही नाही, असंच खेळत असतो.’ तिने वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, ‘विशेष काही नाही.’

खरं तर मला सगळं ठाऊक होतं. महिन्यापूर्वी तो त्याच वाट्या नुसत्या जमिनीवर आपटायचा. मग एकीवर एक रचायला लागला. बसली नाही की आधी चिडून फेकायचा, आता थांबून दुसरी घेऊन बघत होता. ‘मोठी’ आणि ‘छोटी’ हे दोन शब्द त्या आठवड्यात आले होते आणि म्हणूनच मी मुद्दाम दोन वाट्या अगदी जवळजवळच्या मापाच्या ठेवल्या होत्या. यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. निकाल चांगला लागला, पण मुलं काय शिकतात आणि मी त्यांना पुढे कसं नेते हे मला पुरेसं सांगता आलं नाही, अशा अर्थाची एक ओळ अहवालात होती. ती ओळ बरोबर होती.

ही पुस्तिका त्या ‘काही नाही’साठी लिहिली आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या हाती ही पुस्तिका पडलीच तर त्याच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. चाइल्डमाइंडर म्हणजे स्वतःच्या घरी, मोबदला घेऊन, दुसऱ्यांची लहान मुलं सांभाळणारी नोंदणीकृत व्यक्ती. आपल्याकडच्या पाळणाघराची ती धाकटी बहीण म्हणता येईल, पण या बहिणीला कायद्याने बरंच बांधून घेतलेलं आहे. एका चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं घेता येतात. त्यांतली पाच वर्षांखालची फार तर तीन आणि वर्षाच्या आतलं एकच. जुळी भावंडं किंवा स्वतःचं बाळ असेल तर थोडी सवलत मिळते. लहान मुलांचं प्रथमोपचाराचं पूर्ण बारा तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते दर तीन वर्षांनी नव्याने करावं लागतं. पोलिसांकडची पूर्वपडताळणी, म्हणजे डीबीएस, केवळ तिची होत नाही. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची होते. आणि २००८ पासून ईवायएफएस हा जन्मापासून पाच वर्षांपर्यंतचा राष्ट्रीय आराखडा मोठ्या नर्सरीइतकाच दोन खोल्यांच्या घरातल्या चाइल्डमाइंडरलाही लागू आहे. जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरांसाठी त्याची वेगळी आवृत्ती निघते, ही चांगली गोष्ट झाली. त्याआधी आपल्यासाठी काय आहे आणि नर्सरीसाठी काय, हे निवडून काढण्यातच नव्या बायकांचे दिवस जायचे.

ही तपासणी कुठून आली हे कळलं की तिचा राग थोडा कमी होतो. माझा तसाच कमी झाला. मुलं सांभाळणाऱ्यांनी नोंदणी करावी असा कायदा इथे १९४८ मध्येच झाला, पण तो बराचसा कागदावर राहिला. सत्तरच्या दशकात ब्रायन जॅक्सन या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. भल्या पहाटे, अंधार असतानाच, ते शहरातल्या रस्त्यांवर उभे राहिले आणि कामाला निघालेल्या बायका कडेवरची मुलं कुठल्या दारात सोडतात ते पाहू लागले. ब्रायन आणि सोनिया जॅक्सन यांचं त्यावरचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. कुठेही नोंद नसलेली कितीतरी घरं त्यातून दिसली. खच्चून भरलेल्या खोल्या, रॉकेलच्या शेगड्या, दिवसभर करायला काही नसलेली मुलं. त्या मुलांच्या आयांमध्ये बाहेरून येऊन कष्टाची कामं करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, कॅरिबियन बेटांवरच्या आणि आपल्या भागातल्याही. म्हणजे ज्या मुलांसाठी हे नियम आले त्यांत आपली मुलं होती. हे मी नव्या मुलींना नेहमी सांगते.

पुढे १९८९ च्या बालकायद्याने नोंदणी आणि तपासणीची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर पक्की केली आणि सप्टेंबर २००१ पासून ते काम ऑफस्टेडकडे आलं. शाळा तपासणारं खातंच आता घरं तपासू लागलं. काहीजणींना ते जड गेलं. त्याआधी कौन्सिलची बाई ओळखीची असायची, सल्लाही द्यायची आणि तपासायचीही. आता सल्ला देणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे. माझ्या मते हे योग्यच झालं, पण सल्ला देणारी बाजू पैशांअभावी बऱ्याच कौन्सिलांत रोडावत गेली आणि तपासणारी तेवढी राहिली. चाइल्डमाइंडरांची संख्या २०१२ नंतरच्या बारा वर्षांत निम्म्यावर आली. कारणं अनेक आहेत: पैसे कमी, तास जास्त, कागदपत्रं फार. पण काम सोडलेल्या ज्या बायकांशी मी बोलले त्यांच्यातल्या बहुतेकींनी आणखी एक कारण सांगितलं. विचारायला कुणी नाही. नर्सरीत दहाजणी असतात, एकमेकींना सावरून घेतात. आपण एकट्या असतो. दिवसभर मोठ्या माणसाशी एक वाक्य बोलणं होत नाही आणि मग एक दिवस एक परकी व्यक्ती येऊन विचारते, तुमचं काम सांगा.

या पुस्तिकेची नवी आवृत्ती आत्ताच काढायचं कारण म्हणजे १० नोव्हेंबर २०२५ पासून तपासणीची पद्धत बदलली. आधी एकाच शब्दात निकाल यायचा. त्या एका शब्दाचं ओझं किती असू शकतं हे या देशाला रीडिंगच्या एका मुख्याध्यापिकेच्या मृत्यूनंतर कळलं. तिच्या शाळेच्या तपासणीचा तिच्या आत्महत्येला हातभार लागला, असं डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या कॉरोनरने नोंदवलं. आता एका शब्दाऐवजी प्रगतिपुस्तकासारखा अहवाल असतो. सर्वांना सामावून घेणं, काय शिकवता आणि कसं शिकवता, मुलांनी काय मिळवलं, त्यांचं वागणं आणि दिनक्रम, त्यांचं स्वास्थ्य, कामाची व्यवस्था, अशा प्रत्येक बाबीला वेगळी श्रेणी मिळते. तातडीने सुधारणा हवी, लक्ष द्यायला हवं, अपेक्षेप्रमाणे, भक्कम आणि असाधारण, अशा पाच पायऱ्या आहेत. मुलांची सुरक्षितता मात्र या शिडीवर नाही. ती आहे किंवा नाही, एवढंच. आणखी एक बदल असा की एप्रिल २०२६ पासून तपासणी सहाऐवजी चार वर्षांतून एकदा तरी व्हावी आणि नव्याने सुरू झालेल्या ठिकाणी दीड वर्षाच्या आत व्हावी, असं सरकारने ठरवलं आहे.

‘अपेक्षेप्रमाणे’ ही मधली पायरी बघून आपल्या बायकांचा चेहरा पडतो, हे मी पाहिलंय. आपल्याला पहिल्या नंबरची सवय लावलेली आहे. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ती पायरी म्हणजे काम चोख चाललंय. तिच्यात कमीपणा शोधू नका.

आपल्या मनातली तपासणी मुळात इथली नाहीच. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा तपासणारे दीपोटी येणार असं कळलं की गावातली शाळा आठ दिवस आधी हलायची. भिंती सारवल्या जायच्या, सुतळीला पताका लागायच्या, दारात रांगोळी, पाढे पाठ असलेली मुलं पुढच्या ओळीत आणि अडखळणाऱ्यांना ‘उद्या नाही आलास तरी चालेल’ असं हळूच सांगितलेलं. साहेबांचं जेवण कुणाकडे यावर चर्चा व्हायची. ते गेले की पताका उतरायच्या. लहानपणी मला तो सण वाटायचा. आता वाटतं, ज्या मुलांना घरी राहायला सांगितलं होतं त्यांना तो कसा वाटत असेल?

पडदे धुणारी, वाट्या लपवणारी मी त्याच शाळेतून आले होते. ऑफस्टेडला सणाचा दिवस नको असतो, नेहमीचा दिवस हवा असतो. इन्स्पेक्टर तुमच्याबरोबर घरातून फिरते आणि कुठली जागा अशी का मांडली आहे ते विचारते. तुम्ही मुलांशी बोलता, भरवता, डायपर बदलता ते पाहते. एखादं मूल नवं काही करत असेल तर ते तुमच्याबरोबर बसून बघते आणि तुम्हाला काय दिसलं ते विचारते. पालकांशी बोलते. मग थोडे कागद. फायलींबद्दल तर आराखड्यात स्पष्ट लिहिलेलं आहे: चाइल्डमाइंडरकडे लेखी धोरणं असलीच पाहिजेत असं नाही, पण आपण काय करतो आणि का करतो हे तिला समजावून सांगता आलं पाहिजे. हजेरी, अपघातांची नोंद, औषध देण्याआधी पालकांची लेखी परवानगी आणि दिलेल्या प्रत्येक डोसाची नोंद, मुलांची माहिती, तक्रारी हे लिहिलेलं हवंच. बाकी उतरवलेल्या फायली म्हणजे पताका. म्हणून या पुस्तिकेत तयार धोरणांचे नमुने आम्ही मुद्दाम दिलेले नाहीत. ‘हमखास उत्तम श्रेणी’ म्हणून जे संच विकले जातात तेही घेऊ नका. आराखडा आणि तपासणीची मार्गदर्शिका दोन्ही सरकारकडून फुकट मिळतात.

आता आपल्या घरांकडे येते. इंग्रजीत चाइल्डमाइंडरांसाठी चांगली पुस्तकं आहेत, पण त्यांत देवघर नसतं.

आपल्या कितीतरी घरांत देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर असतं. म्हणजे रांगणाऱ्या मुलाच्या नेमकं डोळ्यांसमोर. तिथे निरांजन, काडेपेटी, उदबत्ती, सुपारी, कुंकवाची डबी, कापूर. यातलं जवळजवळ प्रत्येक भाजणारं, घशात अडकणारं किंवा विषारी. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. देवघर काढा असं कुणी म्हणणार नाही. उंचावर न्या, काचेचं दार लावा, पूजा मुलं यायच्या आधी उरका. आणि इन्स्पेक्टरने विचारलं तर हे सगळं सांगा, कारण धोका ओळखून त्यावर तुम्ही काय केलंत हेच तिला हवं असतं. एका मैत्रिणीने देवघराला पडदा लावून ते लपवलं होतं. इन्स्पेक्टरने पडद्यामागे काय आहे ते विचारलं, तेव्हा तिला घाम फुटला. लपवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

स्वयंपाकाचंही तसंच. चौदा ॲलर्जनांची यादी इथे प्रत्येक अन्न देणाऱ्याला माहीत असावी लागते, चाइल्डमाइंडरलाही. ती यादी आपल्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून बघा. शेंगदाण्याचं कूट आपण भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत सवयीने टाकतो. तीळ यादीत आहेत. मोहरीही यादीत आहे आणि आपली फोडणी तिच्यावाचून होत नाही. बाजारी हिंगात तर बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे कितीजणींना माहीत आहे? ग्लुटेन न चालणाऱ्या मुलासाठी वरण-भात सुरक्षित म्हणून वाढला आणि फोडणीत हिंग होता, असं आमच्यातल्या एकीचं झालं. मुलाचं पोट दुखलं, तिने लगेच पालकांना सांगितलं, नोंद केली. त्या दिवसापासून आम्ही सगळ्याजणी डब्यांवरची बारीक अक्षरं वाचतो.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटभरही नाही. त्यातून होणारा बोटुलिझम हा आजार जिवावर बेतू शकतो. बाळघुटी नाही, काजळ नाही. पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे, काजू नाहीत. द्राक्षं उभी चिरूनच. कच्चा राजमा मोजायला, ओतायला देऊ नका. बालवाडीत आपण कडधान्यांशी खेळलो हे खरं, पण कच्च्या राजम्यात विष असतं आणि चार दाणे तोंडात गेले तरी मूल आजारी पडू शकतं. आणि एक गोष्ट फार स्पष्ट लिहायला हवी: चापट मारायची नाही आणि चापटीची भीतीही घालायची नाही. ‘आता फटका मिळेल हं’ हे आपल्याकडे लाडानेही म्हणतात. इथे ते चालत नाही आणि खरं सांगायचं तर कुठेच चालू नये.

सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतात, हा आपल्या घरांतला दरवर्षीचा प्रश्न. इंग्रजी पुस्तकांत तोही नसतो. घरात नव्याने राहायला आलेल्या सोळा वर्षांवरच्या माणसाची माहिती ऑफस्टेडला चौदा दिवसांच्या आत कळवावी लागते. आले ते पाहुणे म्हणून की राहायला, याचा अर्थ आपल्या मनाने लावू नका. तिकीट काढलं की ऑफस्टेडला विचारून घ्या आणि मिळालेलं उत्तर जपून ठेवा. पडताळणी होईपर्यंत आजी-आजोबांच्या भरवशावर मुलं पाच मिनिटंसुद्धा सोडायची नाहीत. हे सासूबाईंना सांगणं अवघड असतं. त्यांनी चार मुलं वाढवलेली असतात आणि त्यांना तो अपमान वाटतो. मी माझ्या सासूबाईंना सांगितलं, ‘आई, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. उद्या माझी नात कुणाच्या घरी सोडायची वेळ आली तर त्या घरातला प्रत्येक माणूस तपासलेला असावा, असं मला वाटेल.’ त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘कुठे सही करायची ती सांग.’

सुरक्षिततेवरचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत मोठं आहे. कृपया ते टाळू नका. आम्ही मैत्रिणींनी एकमेकींच्या घरी केलेल्या तपासणीच्या सरावात प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: चार वर्षांच्या मुलीच्या दंडावर बोटांच्या ठशांसारखे वळ दिसले तर काय कराल? जवळजवळ प्रत्येकीचं पहिलं उत्तर एकच आलं. ‘तिच्या आईला विचारेन.’ त्यात आपलेपणा आहे, पण ते पुरेसं नाही. कधीकधी तेच मुलीला आणखी संकटात टाकतं. जे दिसलं ते तारीख-वेळेसह लिहायचं. मुलीने आपणहून काही सांगितलं तर शांतपणे ऐकायचं आणि तिच्याच शब्दांत लिहायचं. आपण तिच्या तोंडात उत्तर घालायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. मग आपल्या कौन्सिलच्या बालसेवा विभागाला फोन करायचा. त्याच क्षणी धोका असेल तर ९९९. ते नंबर फ्रिजवर लावलेले असले पाहिजेत आणि न बघताही आठवले पाहिजेत. तक्रार आपल्याच घरातल्या माणसाबद्दल असेल, नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल, तरी वाट हीच: कौन्सिलमधल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला आणि ऑफस्टेडला कळवायचं. हे वाचताना तुमच्या पोटात गोळा येईल. माझ्याही आला होता. ‘घरातली गोष्ट घरात’ असं ऐकत आपण मोठ्या झालो, आणि या एका बाबतीत ते पूर्ण सोडून द्यावं लागतं. ज्याला बोलता येत नाही त्या मुलाच्या बाजूने घरात आपल्याशिवाय दुसरं कुणी नसतं.

भाषेबद्दलची भीती मला सगळ्यांत जास्त भेटते. ‘माझं इंग्लिश कच्चं आहे, मला काय बोलता येणार?’ कामापुरतं चांगलं इंग्रजी यावंच लागतं, त्याला पर्याय नाही. मुलांनी शाळेत जाईपर्यंत इंग्रजीत तयार व्हायचं असतं आणि आणीबाणीत फोनवर बोलायचं असतं. पण त्याच आराखड्यात असंही आहे की ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही, त्यांना ती भाषा खेळात आणि शिकण्यात वापरण्याची संधी द्यायला हवी. मराठी मूल तुमच्याकडे असेल तर त्याच्याशी मराठीत बोलणं ही चूक नाही, तुमची जमेची बाजू आहे. ती सांगा. उर्दू, पोलिश, सोमाली बोलणारं मूल असेल तर त्याच्या आईकडून पाणी, झोप, दुखतंय, आई एवढे शब्द शिकून घ्या आणि तेही सांगा.

आपल्यामागे काहीच परंपरा नाही असं समजून आपण इथल्या शब्दांपुढे दबतो. पण परंपरा आहे. महागडी मॉन्टेसरी साधनं परवडत नाहीत म्हणून ताराबाई मोडक थांबल्या नाहीत. बिया, शंखशिंपले, पानं, माती, जे आजूबाजूला मिळेल त्यातून त्यांनी बालशिक्षण उभं केलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज इथल्या प्रशिक्षणात घरातल्या साध्या वस्तूंशी मोकळा खेळ, मुलाच्या आवडीच्या मागे जाणं हे नवं म्हणून शिकवतात, तेव्हा मला कोसबाड आठवतं. आपल्या वाट्या, चाळणी, कणकेचा गोळा हे सगळं त्याच रांगेतलं आहे. ते कपाटात टाकू नका.

पुस्तिका कशी तयार झाली ते थोडक्यात. लंडनच्या पश्चिमेला राहणाऱ्या आम्ही सातजणी आहोत. कुणी नाशिकची, कुणी कोल्हापूरची, एक गोव्याची. महिन्यातल्या एका शनिवारी एकीच्या घरी जमायचं आणि तिची सरावाची तपासणी करायची असं ठरवलं. एकजण इन्स्पेक्टर होऊन फरशीवर बसते, एक टिपणं घेते. प्रश्न फक्त मुलांबद्दल: हे मूल तुमच्याकडे आलं तेव्हा त्याला काय येत होतं, आता काय येतं, पुढे काय यावं म्हणून तुम्ही काय करताय? नियम एकच. ‘काही नाही’ आणि ‘असंच’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. पहिल्या शनिवारी गोव्याची मैत्रीण दोन वाक्यांनंतर रडली. तिसऱ्या वेळी ती एका मुलाबद्दल न थांबता वीस मिनिटं बोलली, मोडक्या इंग्रजीत, आणि आम्ही सगळ्या नुसत्या ऐकत राहिलो. त्या शनिवारांचे प्रश्न आणि आमच्या चुका यांतूनच ही प्रकरणं झाली. कौन्सिलच्या बालशिक्षण सल्लागारांचा आणि चाइल्डमाइंडरांच्या जुन्या संघटनेचा, आताच्या कोरम पेसीचा, आधार जिथे मिळतो तिथे जरूर घ्या. पण तुमच्या रस्त्यावरची दुसरी चाइल्डमाइंडर, मग ती कुठल्याही देशाची असो, ती आधी गाठा. नियम बदलत राहतात, म्हणून प्रत्येक आकडा इथे वाचल्यावर चालू आराखड्यात पुन्हा पडताळून घ्या. कुठे चूक सापडली तर कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.

नव्या पद्धतीची तपासणी आमच्यातल्या चौघींकडे होऊन गेली आहे. तिघींची व्हायची आहे. त्या तिघींत मी एक आहे आणि वाट्या खालच्या खणातच आहेत.